हे पोट्टं कोणाचं?

मे महिन्याच्या दुपारी नागपुरात कुत्रंही सावली सोडत नाही. मी मात्र तोंडाला दुपट्टा गुंडाळून, पर्समध्ये कांदा टाकून, आकडीनं पळसाच्या शेंगा पाडत हिंडायची. हिंगणा रस्त्यावरची दहा झाडं, रामटेकच्या वाटेवरची दहा. दर झाडाच्या तीस शेंगा, दर झाडाचं वेगळं खाकी पाकीट, पाकिटावर झाडाचा नंबर. पीएचडीचा विषय कोणी विचारलाच तर 'झाडंबिडं' म्हणून मी सुटका करून घ्यायची. एकदा शेजारच्या काकूंना चुकून खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे झाडायचे लग्न कोणाकोणाशी लागले, ते पाहून राह्यली तू? अन् तुयाच्या लग्नाचं कोण पाहील वो?"

काकूंनी विषय मात्र अचूक पकडला होता. पळसाच्या शेंगेत बी एकच, टोकाशी. म्हणून तर शास्त्रीय नावात 'मोनोस्पर्मा'. बीची आई कोण, ते पाकिटावर लिहिलेलं. बाप कोण, हे फुलांवर येणाऱ्या पाखरांना ठाऊक. बापही तेच झाड, की दुसरं कुठलं? बीच्या डीएनएत आईकडे नसलेली खूण सापडली, तर बाप बाहेरचा, प्रश्न मिटला. सगळ्याच खुणा आईच्या निघाल्या, तर पंचाईत. एक तर झाडानं स्वतःचाच पराग वापरला, नाहीतर बाहेरच्या बापाकडेही योगायोगानं त्याच खुणा होत्या. म्हणून एका खुणेवर विसंबायचं नाही. पुष्कळ खुणा एकदम पाहायच्या आणि बाहेरच्या परागाचा वाटा किती धरला तर हे सगळं सर्वांत चांगलं जुळतं ते शोधायचं. रिटलंड आणि जैन यांनी १९८१ मध्ये ही रीत मांडली.

हा वाटा म्हणजे 'टी'. तो पिढ्यानपिढ्या तसाच राहिला, तर एकातून टी वजा करून, एक अधिक टीनं भागलं की अंतःप्रजननाचा, म्हणजे नात्यातल्या नात्यात लागलेल्या लग्नांचा, 'एफ' मिळतो. सगळा पराग बाहेरचा असेल तर एफ शून्य, निम्माच बाहेरचा असेल तर एक तृतीयांश. माणसांत मामाच्या मुलीशी लग्न केलं, तर लेकराचा एफ एक सोळांश. हे मी एका साखरपुड्यात, मुलाच्या मामांसमोरच, उत्साहानं सांगितलं. त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या पत्रिकांवर 'सहकुटुंब' हा शब्द येईनासा झाला.

तर सहाशे शेंगांची वीस पाकिटं गच्चीवर वाळत होती आणि मी रामटेकला गेले होते. संध्याकाळी आंधी आली, पाठोपाठ पाऊस. घरी आले तर आई विजयी मुद्रेनं कूलरसमोर बसलेली, पुढ्यात परात.

"एकही शेंग वाया नाही जाऊ दिली. पाकिटं भिजून लगदा झाले होते, ते फेकून देले."

वीस आयांची सहाशे पोट्टी एका परातीत. मला रडूही येईना.

"काहून, एकाच जातीचे आहेत ना सारे?"

तिथंच तर गोम होती. हिंगण्याचे पळस हिंगण्यात आणि रामटेकचे रामटेकात खुशाल बाहेर सोयरिकी करत असतील. पण दोन्हीकडच्या खुणांचं प्रमाण वेगळं असलं आणि सगळं एका परातीत ओतलं, की मिश्र जोड्या, म्हणजे आईकडून एक आणि बापाकडून वेगळी खूण मिळालेल्या बिया, हिशेबापेक्षा कमी भरतात, आणि गणित ठणकावून सांगतं, 'इथं नात्यातच लग्नं लागतात!' झाडांवर फुकटचा आळ. स्वीडनच्या वालुंड यांनी १९२८ मध्येच हे दाखवून ठेवलंय. आमच्या आईला कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

आईनं चष्मा लावला. "थांब, लावून देतो. लग्नात पोट्टं पाहून समजते कोणाचं, याच्यात काय एवढं?" आणि खरंच, लांब शेंगा इकडे, आखूड तिकडे, जास्त लव असलेल्या बाजूला, अशा रात्री अकरापर्यंत तिनं वीस ढिगाऱ्या लावल्या. काकू मदतीला आल्या आणि जंतावर औषध म्हणून मूठभर पळसपापडी मागू लागल्या. आईनं त्यांना एकसुद्धा दिली नाही. "संशोधन आहे ते."

वीसही झाडांची पानं माझ्याकडे होती, म्हणजे आयांचा डीएनए हाती होता, म्हणून थोडी आशा होती. बीकडे डीएनएतल्या प्रत्येक ठिकाणी आईची एक तरी खूण हवीच. नसेल तर ती आई नव्हे. ढिगाऱ्यांतल्या बिया या चाळणीतून काढल्या. दोन ढिगाऱ्या बऱ्यापैकी टिकल्या, बाकीच्यांत मिसळ. त्या दोन ढिगाऱ्यांवरून टी काढला तर एकापेक्षा जास्त आला. नमुना तोकडा असला की असं होतं. पण गाईडनी पाच मिनिटं चष्मा पुसला.

घरी येऊन आईला सांगितलं, अठरा ढिगाऱ्या चुकल्या.

"तुयी मशीनच चुकली असंल," ती भाजी निवडता निवडता म्हणाली.

यावर हसायची सोय नव्हती. काही खुणा चाचणीत उमटतच नाहीत, आणि मग सख्खी आईही परकी ठरते. दुसऱ्या दिवशी गाईडकडे गेले, तेव्हा त्यांनी पहिल्याच वाक्यात हीच शंका काढली. नमुने पुन्हा चालवायला सांगितलेत. आईला अजून सांगितलेलं नाही.