गळा काढलेला नाही, हेच तर त्याचं बळ

तुमचा लेख आवडला, पण त्यात 'ऑफलागा डिस्को पॅक्स' या इटालियन बँडच्या 'सोशालिज्मो तास्काबिले' (2005) या अल्बमला 'लाल बावट्यासाठी गळा काढणं' म्हणणं काही पटलं नाही. गळा काढायला आधी गायला तर हवं! बँडचा आवाज असलेला मॅक्स कोल्लिनी गातच नाही. मागे सिंथेसायझर आणि गिटार चालू असतात आणि हा गडी सपाट आवाजात, रेशनच्या रांगेत उभं राहून सांगावं तसे किस्से सांगतो. मला इटालियन येत नाही. भाषांतर शेजारी ठेवून ऐकलं, तरी दोन-तीन ठिकाणी फिस्सकन हसू आलं.

नावातच गंमत आहे. खिशात मावणारा समाजवाद! बँडचं शहर रेज्जो एमिलिया म्हणजे इटलीतल्या कम्युनिस्टांचा बालेकिल्ला. जवळच्या काव्रियागो गावात लेनिन चौक आहे, आणि त्यात लेनिनचा अर्धपुतळा आजही आहे. 1919 साली खुद्द लेनिनने भाषणात या गावाचं नाव घेतलं होतं. 'पिक्कोला पिएत्रोबुर्गो' हे गाणं याच गावाचं. 1991 मध्ये इटलीचा कम्युनिस्ट पक्षच विसर्जित झाला. मग उरलं काय, तर असे पुतळे आणि 'तात्रांकी'सारखी चेक वेफर बिस्किटं. बिस्किटावर आख्खं गाणं! यात प्रचार कुठे दिसला तुम्हाला? मला तर स्वतःचीच टर उडवणारा माणूस दिसला.

आणि बँडमध्ये सिंथेसायझर वाजवणाऱ्या एन्रिको फोंतानेल्लीचा लेखात साधा उल्लेखही नाही? 2014 मध्ये तो गेला आणि बँडही थांबला. तेवढी भर घाला लेखात.