तो लाईफ जॅकेटवाला मेसेज फॉरवर्ड करू नका प्लीज

दोन दिवसांपासून एक मेसेज फिरतोय, बोटीत लहान मुलांना दंडात हवेचे फुगे घातले की पुरे, उन्हाळ्यात लाईफ जॅकेटने उकडतं म्हणून ते सीटखाली ठेवा, लागलं तर घालता येतं. हे चुकीचंय आणि मुलांच्या जिवाशी खेळ आहे.

दंडातले फुगे हे खेळणंच आहे, पाकिटावरच लिहिलेलं असतं की हे जीवरक्षक साधन नाही. ओल्या हातातून सटकतात, पंक्चर होतात. आणि बोट उलटली की सीटखालचं जॅकेट शोधून, पट्टे लावून घालायला वेळच मिळत नाही. शिवाय बुडणारं माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही, हातही हलवत नाही, शांतपणे खाली जातं, शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. अमेरिकन कोस्ट गार्डच्या २०२३ च्या आकडेवारीत बोट अपघातांत बुडून गेलेल्यांपैकी ८७ टक्के लोकांनी जॅकेट घातलेलंच नव्हतं.

जॅकेट मुलाच्या वजनाप्रमाणेच घ्या, मोठ्यांचं चालत नाही. सगळे पट्टे लावून खांद्याशी धरून वर उचलून बघा, हनुवटी, कान आत गेले तर ते सैल आहे. लहानग्यांना पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच घ्या. उकडतंय ना, मग टोपी घाला, पाणी पाजत राहा, पण जॅकेट काढू नका. आणि पोहता येतं म्हणून मोठ्यांनीही सोडू नका, डोक्याला मार लागला तर पोहणं काय कामाचं?

ज्या ग्रुपवर तो मेसेज पाठवला असेल तिथून डिलीट करा, आणि हे तिथे टाका.