सोवळ्यातली चेतक

गंज म्हणजे म्हातारपण, सावकाश येणारं, अशी माझी पन्नास वर्षांची समजूत होती. तो एका रात्रीत येतो आणि सकाळी आपल्याआधी उठलेला असतो, हे मला बाबांच्या चेतकने शिकवलं.

चेतक बाजारात आली १९७२ साली, पण आमच्या दारात यायला तिने वेळ घेतला. त्या काळी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायची रीतच होती. बाबांनी नंबर लावला तेव्हा माझं बारसं व्हायचं होतं, गाडी आली तेव्हा मी पाढे म्हणत होतो. बाबा गेल्यावर ती पडवीत गेली, ती कोंबडीने डिकीत अंडी घालेपर्यंत तिथेच होती. या मे महिन्यात मी रजा टाकली आणि जाहीर केलं, हिला नवी करायची.

ग्राइंडर आणि वायर ब्रश घेऊन तीन दिवस सोलत होतो. निळ्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, आणि लांबीखाली बाबांनी कधीतरी फाटकाला ठोकल्याचा खड्डा, ज्याबद्दल ते जन्मभर एक अक्षर बोलले नव्हते. शेवटी लखलखीत पत्रा. तो बघून मी एकटाच हसत उभा होतो. बायको म्हणाली, "लग्नाच्या फोटोतसुद्धा तुम्ही असे हसलेले नाही आहात."

पेंटिंगवाल्या मिस्त्रींना फोन केला. "रविवारी येतो," म्हणाले. कोणत्या, ते विचारायचं राहिलं.

आम्ही रत्नागिरीत राहतो. समुद्र हाकेच्या अंतरावर, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्याने गंजायला लागतं. मी मुद्दाम आणलेल्या आर्द्रतामापकाचा आकडा ८४ च्या खाली गेला तो एकदाच, सेल संपल्यावर. त्यात खारा वारा. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणजे पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारं ओलं पांघरूण कायमचंच.

पहिल्याच सकाळी फूटबोर्डवर केशरी झाक दिसली, हळदीचा हात लागावा तशी. बोटाने पुसली, गेली. संध्याकाळी परत आली, आणि जिथून बोट फिरवलं होतं तिथे जास्त गडद. घामातही मीठ असतं हे मी शाळेत शिकलो होतो, पण त्याचा माझ्याशी संबंध आहे असं वाटलं नव्हतं.

त्या क्षणी चेतक सोवळ्यात गेली. कोणी शिवायचं नाही. पाहुण्यांच्या खोलीत एसी आहे आणि तो हवा कोरडी करतो, म्हणून तिला दोन पाटांवर बसवून तिथे हलवली. चिपळूणहून आत्या आली, तिची गादी माजघरात पडली. "आत कोण झोपलंय रे?" तिने विचारलं. स्कूटर, असं सांगितल्यावर तिने माझ्याकडे नाही, बायकोकडे बघितलं. करुणेने.

तिसऱ्या दिवशी डाव्या डिकीवर पंजा उमटला. चार बोटं आणि एक अंगठा, रेषान् रेषा गंजात छापलेली. खरेदीखतावरसुद्धा इतका स्वच्छ अंगठा उठत नाही. मी घर गोळा केलं, आवाज चढवला, मुलाला हात पुढे करायला लावले. मग बॅटरी धरून नीट बघितलं. अंगठ्याच्या छापातून एक तिरकी रेघ गेली होती. आठवीत नारळ सोलताना कोयता लागला होता, त्याची. मी तो हात खिशात घातला आणि म्हणालो, "जाऊ दे, या वेळी सोडून देतो."

हार्डवेअरवाल्याने गंज मारायचं औषध दिलं. त्यात फॉस्फरिक ॲसिड असतं, ते लाल गंजाचं काळपट फॉस्फेट करून टाकतं. दिल्लीचा लोहस्तंभ साधारण सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे, तोही लोखंडातल्या फॉस्फरसमुळे तयार झालेल्या पातळ थराच्या जिवावर. हे वाचून मला फार धीर आला. चेतकचा रंग काळा-करडा-केशरी झाला, म्हशीला गोवर यावा तसा.

यात मी एकटाच लढत होतो असं मात्र नाही. एके रात्री एसीच्या खोलीत दिवा दिसला म्हणून गेलो, तर आई पुढच्या मडगार्डला खोबरेल चोळत बसलेली. बिडाच्या तव्याला चोळते तसं, कडेकडेने, बोटं आत घालून.

"आई! तेलावर रंग धरत नाही!"

"रंग कधी लावणार आहेस?"

याला उत्तर नव्हतं. शिवाय ती पत्र्याला बाळाला लावावं तसं तेल लावत होती. मी रागावलो, पण दार हळू ओढून घेतलं.

मिस्त्री तिसऱ्या रविवारी आले. बाहेर पाऊस मृगाला शोभेल असा. त्यांनी तंबाखू मळलेल्या उघड्या बोटाने माझ्या सोवळ्यातल्या चेतकवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. माझ्या पोटात गोळा आला. बोट मडगार्डशी थांबलं. तिथे पत्रा होता तसाच चमकत होता.

"हे कोणी केलं?"

"आईने."

"बरोबर केलं. हे थिनरने पुसलं की झालं. बाकीचं पुन्हा घासा." मग माझ्याकडे वळून, "अख्खी कशाला सोललीत एकदम? संध्याकाळपर्यंत प्रायमर मारून होईल तेवढाच पत्रा उघडा करायचा असतो."

हे मला मे महिन्यात कोणी सांगायला हरकत नव्हती.

त्यांनी थिनरच्या फडक्याने मडगार्ड दोनदा पुसलं आणि रेड ऑक्साइड प्रायमरचा डबा उघडला. रेड ऑक्साइड म्हणजे मुळात आयर्न ऑक्साइडच. तीन आठवडे मी ज्याला घरात पाऊल ठेवू दिलं नाही, त्याचाच सख्खा भाऊ डब्यातून, पैसे मोजून. मी काही बोललो नाही. मडगार्ड तेवढं विटकरी झालं, मिस्त्रींनी चहा घेतला, ब्रश धुतला.

"बाकीचं घासून ठेवा," चपला घालताना म्हणाले. "रविवारी येतो."

आईने आतून खोबरेलाची बाटली आणून माझ्या हातात दिली.