साऊंडहोलच्या नक्षीने गिटारचा आवाज बसत नाही

पणजी-फोंड्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय की साऊंडहोलभोवती, म्हणजे पुढच्या गोल भोकाभोवती, शिंपल्याची नक्षी असलेली गिटार घेऊ नका, लाकूड कोरल्याने टॉप (गिटारची पुढची फळी) कमजोर होतो आणि आवाज दबतो. असं काही नाहीये. टॉप असतो साधारण 2.5 ते 3 मिलिमीटर जाड, रोझेटची, म्हणजे या नक्षीची, खाच त्यात दीडेक मिलिमीटर, आणि तुकडे गोंदाने पक्के बसवून वरून सपाट घासतात, म्हणजे काढलेलं बरंचसं भरूनच निघतं. शिवाय ती जागा मुळात फार हलतच नाही, आतून ब्रेसिंगच्या म्हणजे आधाराच्या पट्ट्या आणि एका बाजूने वर फिंगरबोर्ड (जिथे बोटांनी तारा दाबतात ती पट्टी) चिकटवलेला. आवाजाचं खरं काम ब्रिजभोवतीचा (तारा टॉपला जिथे अडकवतात त्या पट्टीभोवतीचा) रुंद भाग करतो, तिथे कोणी अशी कोरीव हौस केली तर मात्र बोंब!

भोकच लहानमोठं केलं तर खर्जात फरक पडतो, पण तो आतल्या हवेमुळे. आणि अ‍ॅबलोन शिंपल्याने आवाज खुलतो म्हणणारे दुकानदारही थापाच मारतात.

आपल्याकडे खरा घोळ पावसाचा. जुलैत गिटार केसबाहेर भिंतीला टांगलेली, लाकूड ओल पितं, ब्रिजमागे टॉप फुगतो, तारा वर येतात, आवाज जड होतो आणि खापर फुटतं बिचाऱ्या नक्षीवर. केसमध्ये सिलिका जेल टाका, ओलावा 45 ते 55 टक्के राहिला की झालं. जुनी गिटार घेताना नक्षीच्या कडेवरून नख फिरवून बघा, तुकडा सुटलेला असेल तर तो खरखरू शकतो, थोडा गोंद लावला की गप्प.