त्रिमूर्ती, व्हाया पंचवटी

"आई, तू बेट पाहिलंयस का?" ओवीने विचारलं तेव्हा मी मेथी निवडत होते. तिच्या भूगोलात व्याख्या आली होती, चारही बाजूंना पाणी असतं ते बेट. मी म्हटलं, "पुरात गोदाकाठची देवळं होतात ना, तसं." ते तिला पटलं नाही, मलाही नाही. माहेर नाशिकचं, सासर नाशिकचं, गंगेचे (गोदावरी आम्ही फक्त पत्त्यात लिहितो, बोलताना गंगाच) पूर बघण्यात हयात गेली; पण होडीत बसल्याशिवाय पोचताच येत नाही अशा एकाही ठिकाणी मी आजवर गेले नव्हते. त्या रात्री जेवताना जाहीर करून टाकलं, जानेवारीत घारापुरी, म्हणजे मुंबईजवळचं एलिफंटा बेट. एका दिवसात जाऊन येऊ.

'एका दिवसात' एवढंच आप्पांनी ऐकलं. सासरे एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी मी भाजी आणायला निघाले की ते घड्याळ बघतात आणि "दोन मिनिटं लेट" अशी तोंडी नोंद करतात. हात धुऊन त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं घेतलं आणि पट्टीने रकाने आखले. पंचवटी एक्सप्रेस नाशिकरोडला सातच्या सुमारास, मुंबईला पावणेअकरा. टॅक्सी, गेटवे, साडेअकराची लाँच, एक तास पाणी. उतरणे, चढणे, लेणी आणि जेवण मिळून तीन तास. साडेतीनला परतीची लाँच. संध्याकाळी सव्वासहाला तीच पंचवटी.

"नाशिकरोड ते मुंबई १८८ किलोमीटर, पावणेचार तास. पुढच्या दहा-अकरा किलोमीटरला एक तास?" आप्पांनी पेन्सिल खाली ठेवली. "लाँच आहे का बैलगाडी?"

"आप्पा, समुद्र आहे तो."

"मग काय झालं? खड्डे तर नाहीत ना?"

दुसऱ्या दिवशी आत्या आल्या. आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण, राहणार नाशिकच्याच सिडकोत. घरातला कुठलाही ठराव त्यांच्या सहीशिवाय मंजूर होत नाही. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि विचारलं, "आहे काय तिथे?"

"लेणी आहेत."

"आणि पांडवलेणी काय गळतात का? चोवीस लेणी आहेत, रिक्षाने जाता येतं."

"ती बौद्ध लेणी, आत्या. ही शंकराची. मोठी त्रिमूर्ती आहे, वीस फूट उंच."

"त्रिमूर्ती बघायला मुंबईला?" आत्यांनी बशी खाली ठेवली. "अगं, मी त्रिमूर्ती चौकात राहते."

यावर काय बोलणार? १९८७ साली ती लेणी जागतिक वारशाच्या यादीत गेली, वगैरे मी घोकून ठेवलं होतं, ते गिळलं. ओवीला तर लेण्यांशी देणंघेणंच नव्हतं. एलिफंटा म्हणजे हत्ती, आणि तिला तो बघायचा होता. मग तिला समजावलं की धक्क्याजवळ एक दगडी हत्ती होता, त्यावरून पोर्तुगीजांनी हे नाव ठेवलं; १८६४ मध्ये इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो फुटला, आणि आता सांधलेला हत्ती भायखळ्याला, राणीच्या बागेत उभा आहे. "म्हणजे आपण बेटावर जायचं आणि हत्ती भायखळ्याला?" ती म्हणाली. आप्पांनी लगेच भायखळ्याचा रकाना आखायला घेतला. तो मी खोडला.

आईंची, म्हणजे सासूबाईंची, शंका वेगळी होती. "पाणी किती चढलंय हे तिथे कळतं कसं?" बरोबर आहे. आमच्याकडे गंगेच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे. त्याच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, की गावाला कळतं कोणी काय हलवायचं. समुद्राला असा मारुती नाही. मी म्हटलं, तिथे भरती-ओहोटी असते, दिवसातून दोनदा पाणी चढतं आणि उतरतं. "रोज दोनदा पूर?" आई म्हणाल्या आणि शांतपणे वाती वळायला लागल्या. थोड्या वेळाने खालच्या आवाजात म्हणाल्या, "तो अपघात झाला होता ना गं." १८ डिसेंबर २०२४ ला नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या लाँचवर आदळली, माणसं गेली. आईंनी तो सगळा दिवस टीव्हीसमोर काढला होता. त्यावर मी काही चेष्टा केली नाही. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कोणी बसायचं नाही, तुम्ही स्वतः सगळ्यांच्या गाठी तपासा, असं सांगितलं. या कामगिरीवर त्या यायला तयार झाल्या.

आता वार. नवऱ्याचं दुकान सोमवारी बंद, म्हणून सोमवार ठरला. पंचवटीची सहा तिकिटंही काढली. आणि मग कुठेतरी वाचलं की लेणी सोमवारी बंद असतात.

"शंकर सोमवारी बंद?" आत्यांचा फोनवरचा आवाज त्र्यंबकपर्यंत गेला असेल. "आमच्या त्र्यंबकला सोमवारी पाय ठेवायला जागा नसते!"

लेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथे वार देवाचा नसतो, खात्याचा असतो, हे मी त्यांना फोनवर वीस मिनिटं सांगितलं. तिकिटं रद्द केली, पैसे कापून गेले, मंगळवारची काढली. नवऱ्याने दुकानाला पाटी लावायचं कबूल केलं. सगळं जमलं म्हणून मी कालनिर्णय भिंतीवरून काढून त्या मंगळवारावर लाल गोल करायला गेले, तर तिथे छापलेलंच होतं. अंगारकी.

म्हणजे आईंचा आणि आत्यांचा उपास. चंद्रोदय नऊनंतर, तेव्हा आम्ही गाडीत. पुन्हा तिकिटं बदलायची माझ्यात ताकद नव्हती. आत्यांनीच तोडगा काढला, "चंद्र काय नाशिकलाच उगवतो का?" मात्र या तोडग्यामुळे सामान दुप्पट झालं. चौघांसाठी पोळ्या, बटाट्याची भाजी आणि चिवडा; दोघींसाठी साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, डझनभर केळी. शिवाय लाँच लागली तर म्हणून अर्धा डझन लिंबं आणि आलेपाकाचा पुडा. एका दिवसाच्या सहलीला आम्ही पाच पिशव्या घेऊन निघालो. पंचवटीतल्या पासवाल्यांनी जागा करून देत विचारलं, "लग्नाला का?"

मुंबईपर्यंत रकाने बरोबर जुळले. गेटवेला मात्र आप्पांचा पहिला पराभव झाला. साडेअकराची लाँच म्हणजे साडेअकराच्या सुमाराला धक्क्याला लागलेली लाँच. सुटणार कधी? खलाशी म्हणाला, "भरली की."

"भरली की?" आप्पांचा चेहरा उतरला. "म्हणजे काळी-पिवळी!" तीस वर्षं ज्यांना स्टँडच्या दारातून हुसकावलं, त्यांच्याच पद्धतीचं वाहन पाण्यावर निघालं होतं आणि आप्पांच्या खिशात त्याचं परतीचं तिकीट होतं.

त्यात आमची लाँच धक्क्याला थेट लागलेली नव्हती. मध्ये दुसरी उभी. पायरीवरून पहिलीत, पहिलीतून दुसरीत. दोन्ही लाँच वरखाली होत होत्या, पण एकाच वेळी नाही. आत्यांनी नऊवारीचा काष्टा घट्ट केला, खलाशाचा हात धरला आणि अशा पलीकडे गेल्या की मागच्या परदेशी बाईने टाळ्या वाजवल्या. अडलं ते जॅकेटपाशी. पदर जॅकेटच्या आत घ्यायचा की बाहेर? आत घेतला तर बंद लागेना, बाहेर घेतला तर वाऱ्याने शेजारच्या गृहस्थांच्या तोंडावर. अर्ध्या लाँचने सल्ले दिले. शेवटी आईंनी पदर कमरेला खोचला, बंद आवळला, दोनदा ओढून पाहिला आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. आमचे सहा झाल्यावर त्यांनी समोरच्या बाकावरचं एक गुजराती कुटुंबही तपासलं.

वरच्या डेकवर बसायला वेगळे पैसे पडतात. आप्पा त्या अन्यायाबद्दल बोलत होते तोवर आत्या वर जाऊन बसल्या होत्या. सीगल पक्षी लाँचबरोबर उडत होते, ओवी त्यांच्याकडे बघून ओरडत होती, लिंबं पिशवीतच होती. लाँच लागली ती एकट्या नवऱ्याला, आणि त्याने ते शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

बेटावर धक्क्यापासून छोटी झुकझुक गाडी आहे, मग शंभरावर पायऱ्या. वणीचा गड चढलेल्या आईंनी त्या पायऱ्यांना पायऱ्या मानलं नाही. अर्ध्या वाटेत एक माकड आलं, आमच्या पाच पिशव्यांवरून नजर फिरवली आणि नेमकी केळ्यांची पिशवी उचलली. मी ओरडले. आई समाधानाने म्हणाल्या, "बघ, आहे इथेपण मारुती."

आत, उत्तरेच्या दारातून शिरल्यावर, समोरच्या अंधारातून ती मूर्ती हळूहळू दिसायला लागते. जाणकार तिला सदाशिव म्हणतात, आपल्याला तीन मुखं दिसतात. उजेडातून आलेल्या डोळ्यांना आधी नुसते मिटलेले ओठ कळतात, मग पापण्या. ओवी बोलायची थांबली. आप्पांनी घड्याळ पाहिलं नाही. आत्या बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या.

बाहेर येऊन म्हणाल्या, "आमच्या चौकाला उगाच नाव दिलंय."

परतीची साडेतीनची लाँच भरायला चार वाजले. पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही, हे आप्पांना मी आधी सांगितलं नव्हतं. नेमकं तेव्हाच खलाशाने सांगितलं. पुढचं सगळं पळापळीत गेलं. पंचवटी हलायला नऊ मिनिटं असताना आम्ही डब्यात चढलो, चार पिशव्यांसह.

कसारा गेलं, घाट चढला, इगतपुरी गेलं. नऊ वाजले. आमच्या जागा डावीकडे आणि चंद्र उगवणार उजवीकडे. पासवाल्यांत बातमी पसरली. उजव्या खिडकीतले दोघे उठले, आई आणि आत्या तिथे बसल्या, कोणीतरी डब्यातला दिवा बंद केला. बाहेर नुसते काळे डोंगर. पंचांगातली वेळ होऊन गेली, चंद्राचा पत्ता नाही. सगळा डबा वाकून बघत होता. आत्यांनी शेंगदाण्याचा लाडू हातात धरून ठेवला होता.

घोटी मागे पडलं आणि डोंगराच्या कडेवर तांबूस काहीतरी सरकलं.

"आला!" ओवी ओरडली.

आप्पांनी मनगट खिडकीजवळ नेलं, त्या उजेडात काटे पाहिले आणि म्हणाले, "अकरा मिनिटं लेट."