एक त्रस्त रहिवासी

नागपुरात एप्रिल लागला की माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, त्यांत नवी खस भरली जाते आणि माझ्या बाल्कनीत पावसाळा सुरू होतो. वरच्या मजल्यावरच्या काकू कूलरच्या टाकीत पाइप सोडून पूजेला बसतात. त्या पाइपाची आठवण त्यांना आरतीनंतर होते, आणि तोवर माझे वाळत आलेले सदरे दुसऱ्यांदा धुऊन निघालेले असतात.

तोंडावर बोलण्याचे धैर्य माझ्यात नाही. त्यामुळे सोसायटीच्या सचिवांनी जिन्याखाली तक्रारपेटी लावून ‘नाव लिहिण्याची गरज नाही’ असे जाहीर केले, तेव्हा मला मोठाच आधार वाटला. मुलीच्या जुन्या वहीचे पान फाडून मी डाव्या हाताने तक्रार लिहिली, खाली ‘एक त्रस्त रहिवासी’ अशी सही केली आणि रात्री साडेअकराला अनवाणी जाऊन ती पेटीत टाकली. टोपणनावाची आपल्याकडे थोर परंपरा आहे. राम गणेश गडकरी कवितेपुरते गोविंदाग्रज आणि विनोदापुरते बाळकराम झाले, आमच्या नागपूरचे माणिक गोडघाटे ग्रेस झाले. त्या रांगेत अगदी शेवटी मी उभा होतो, चपला हातात घेऊन.

रविवारी गच्चीवरच्या सभेत सचिवांनी चिठ्ठी उघडली. ‘वस्तुतः कूलर ही चैन नसून गरज आहे, तथापि...’ एवढे वाचून होते न होते तोच सतरंजीवरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. “पुढचं तुम्हीच वाचा न भाऊ,” असेही कोणी म्हणाले. मी आकाशातले ढग न्याहाळू लागलो. ढग अर्थातच नव्हते.

“बाबा, अक्षर बदललंत, पण ‘वस्तुतः’ चार वेळा आलंय,” संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलीने घरी आल्यावर निदान केले. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ 1787-88 मध्ये हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे या तिघांनी ‘पब्लियस’ या एकाच नावाने 85 लेख लिहिले होते. त्यांतल्या 12 लेखांचा कर्ता कोण, हा वाद पुढे दीर्घकाळ चालला. 1964 मध्ये मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी किरकोळ शब्दांची मोजदाद करून ते लेख मॅडिसनच्या पदरात टाकले, कारण हॅमिल्टनला ‘अपॉन’ या शब्दाचा सोस होता आणि मॅडिसन तो क्वचितच वापरी. मॅडिसनला धरायला दोन विद्वान लागले. मला धरायला दीड वाक्य पुरले.

संध्याकाळी जिन्यात काकू भेटल्या. “काऊन जी भाऊ, चिठ्ठी कायले लिहाची? आमच्या कूलरखाली बाल्कनी त एकच हाय न!”

हे मात्र डाव्या हाताने लिहिताना सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून पाणी थांबले. आठवड्याने सचिवांनी मला एक नवी चिठ्ठी दाखवली: ‘पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ पहाटे पाचला इतक्या मोठ्याने घसा साफ करतात, की वस्तुतः घरच्यांचीही झोप मोडते.’ खाली सही, ‘एक त्रस्त रहिवासी’. ते टपोरे, डावीकडे झुकलेले अक्षर मी तत्काळ ओळखले. दर रविवारी सकाळी ‘सांबार, मिरच्या, दोन लिंबं’ त्याच अक्षरात लिहून पिशवीसह माझ्या हाती दिले जाते.