ऑफ सीझन म्हणे!

सकाळपासून डोकं भणभणतंय. शाळेत चार तास घेतले, वह्यांचा गठ्ठा संपवला, तरी जाईना. म्हणून आता जेवणं उरकून इथं लिहायला बसलेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

आज पळून परत येताना पाणंदीच्या तोंडाशी थांबून एक फोटो काढला. दोन्ही अंगांना तुऱ्यावर आलेला ऊस, ओढ्यावर कमरेइतकं धुकं, आणि आमच्या कराडच्या सदाशिवगडाच्या मागून सूर्य वर यायच्या बेतात. काढला आणि आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत उत्तर आलं : ‘मॅडम, इव्हेंट झाला की! आता ऑफ सीझनला कशासाठी पळताय?’ खाली आठ जणांचे अंगठे.

कशासाठी पळताय.

हाच प्रश्न मला गेल्या वर्षी एका पोरीनं विचारला होता. तेव्हा जराही राग आला नव्हता. ते आधी सांगते, म्हणजे आज एवढा संताप का झाला ते कळेल.

गेल्या वर्षी याच दिवसांत, त्रिपुरी पौर्णिमेच्या जरा आधी, ओगलेवाडीकडं जाताना जे मोकळं रान लागतं तिथं बीडमधल्या आष्टीकडची ऊसतोडीची टोळी उतरली होती. काल काही नव्हतं तिथं आज कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, उभ्या. मी अंधारातच तिथून पळत चालले होते. चुली पेटलेल्या, भाकरी थापल्याचे आवाज, कोयत्यांना धार लावणं चाललेलं. रस्त्याकडेला नऊ-दहा वर्षांची एक पोरगी उभी होती. अंगात थोरल्या माणसाचा शर्ट, बाह्या चार-चार वेळा दुमडलेल्या. मला बघून घाबरीघुबरी होऊन म्हणाली, “मावशे, कोण लागलंय मागं?”

म्हटलं, “कुणी नाही गं.”

“मंग पळता कशाला?”

“असंच. बरं वाटतं.”

तिनं माझ्याकडं एकदा नीट बघितलं. मग पायातल्या चपला काढून हातात घेतल्या. “म्या बी येऊ?” आणि मी हो म्हणायच्या आत ती पुढं गेलीसुद्धा.

ओढ्याच्या मोरीपर्यंत आम्ही दोघी पळालो. अर्धा किलोमीटर असेल-नसेल. ती सबंध वेळ हसत होती. विनोद झाला म्हणून नाही हो, पाय पडतायत, वारं लागतंय, म्हणून हसत होती. मी गेली सात वर्षं पळतेय, पण पळताना असं हसू कधी फुटलं होतं ते मला आठवेना.

आता सांगा, तिला कोणता इव्हेंट होता?

आणि ऑफ सीझन कशाला म्हणतात? कार्तिकाला? अहो, वर्षभर या दिवसांसाठी तर आपण तग धरतो! जून ते सप्टेंबर बूट कधी वाळत नाहीत, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे आणि सकाळी तेच ओले गार बूट पायात चढवायचे. हवेतच इतकं पाणी की घाम येतो तो अंगावरच राहतो, वाळतच नाही, मग जीव तापतो. हस्ताचा पाऊस झाला की ऑक्टोबरचं ऊन भाजून काढतं. हे मान्य आहे, त्या दोन-तीन आठवड्यांत मलाही नको होतं. पण स्वाती नक्षत्र लागतं, दिवाळी येते, आणि एक दिवस दार उघडल्यावर गालाला कळतं की आज बदललं. ढग गेलेले असतात, रात्री जमिनीची ऊब अडवायला वर काही नसतं, म्हणून पहाट अशी निवलेली. तेच पाय, तोच रस्ता, आणि छाती मात्र मोकळी. जुलैत ज्या चढाला थांबून गुडघ्यांवर हात टेकले, तो चढ आता संपल्यावर लक्षात येतो.

आणि वाटेत काय काय असतं! विद्यानगरच्या आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर पारिजातकाचा सडा, त्यावर पाय पडू नये म्हणून मी रोज रस्त्याच्या मधून जाते. कृष्णेच्या पुलाकडं गेलं तर खाली नदी दिसतच नाही, नुसतं पांढरं, त्यात कुठंतरी कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आहे हे आपलं आपल्याला माहीत. काकड्याचे टाळ ऐकू येतात, आधी एका देवळातून, मग पुढच्या. गुऱ्हाळ सुरू झालेलं असलं की काहिलीत उकळणाऱ्या रसाचा वास अख्ख्या वळणाला धरून राहतो, त्या वळणाला मी मुद्दाम सावकाश होते. तारांवर भिंगऱ्यांची रांग. शाळू घोट्याइतका वर आलेला, त्याच्या प्रत्येक पानावर दव. हे सगळं गाडीवरून जाताना दिसत नाही, चालताना दिसतं हे खरं, पण चालताना छाती अशी भरून श्वास घेत नसते. मला तरी हे पळतानाच सगळं एकदम मिळतं.

आता राग कशाचा आला ते लिहिते. गेल्या वर्षी त्या पोरीचं मी याच ग्रुपवर लिहिलं होतं. भरभरून लिहिलं होतं. उत्तरं काय आली? ‘आष्टीकडची म्हणताय? अविनाश साबळे पण तिथलाच! टॅलेंट आहे, अकॅडमीत घाला.’ दुसऱ्यानं विचारलं, अंतर किती आणि वेळ किती लागला. वेळ! एक लेकरू चपला हातात घेऊन हसत पळालं आणि यांना वेळ हवा.

साबळेंबद्दल माझ्या मनात काय आहे ते मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा मुलगा, 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, रौप्य घेतो, सोनं पाच शतांश सेकंदानं हुकतं, तेव्हा मी टीव्हीसमोर उभी राहून ओरडले होते. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये त्याच शर्यतीच्या अंतिम फेरीत पळाली तेव्हाही. त्यांच्या घड्याळापुढं मी हात जोडते. त्यांच्यासाठी पाच शतांश म्हणजे आयुष्य आहे. पण माझं काय? मी पन्नाशीची बाई, दुपारच्या शाळेत शिकवते, सकाळी माझ्या वाट्याला एक तास येतो. तो कुणाच्या कोष्टकात का म्हणून भरू?

आणि मॅरेथॉनच्या ज्या आकड्याची एवढी पूजा चालते, 42.195 किलोमीटर, तो कुठून आला? 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघाली आणि राजघराण्याच्या बैठकीपुढं संपली, त्याचं ते अंतर. 1921 साली तेच कायम केलं. एका राजघराण्याच्या सोयीचं अंतर आपण देवासारखं मानायचं, आणि मोरीपर्यंतचं अर्धा किलोमीटर हिशेबातच धरायचं नाही?

बरं, ग्रुपनं मला काहीच दिलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पहिल्यांदा बूट कसे बघायचे, गुडघा दुखला तर काय करायचं, हे त्यांनीच शिकवलं. एकवीस किलोमीटर मीही एकदा केलंय आणि ते पदक आत्यांनी देवघराशेजारी लावलंय. झालं. एवढं मानते.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी सात वर्षांत एकदाही विचारलं नाही की कशासाठी जातेस. पहिल्या वर्षी फक्त म्हणाल्या, “ट्रॅक्टरवाल्यांना अंधारात दिसायचं नाही, काहीतरी पांढरं घाल.” ते बरोबरच होतं, दोन-दोन ट्रॉल्या भरून ऊस चाललेला असतो आणि मागं दिवा नसतो. यंदा नरकचतुर्दशीला मी म्हटलं, आज राहू दे, पहाटे आंघोळी आहेत. तर त्याच म्हणाल्या, “जाऊन ये की चारला. घामावर उटणं चांगलं बसतं.” मी गेले. आल्यावर अंगणात पाट मांडून बसल्या होत्या, माझ्या पाठीला तेल लावता लावता विचारत होत्या, “कोण कोण उठलं होतं गं? कुणाच्या दारात दिवा होता?” सगळं सांगितलं. त्यांचे गुडघे आता उंबरा ओलांडू देत नाहीत. माझ्या पळण्यातलं अर्धं त्यांचं असतं, आम्हा दोघींना ते कळतं.

हे लिहिताना राग जरा उतरला.

त्या पोरीकडं परत येते. मोरीच्या कठड्यावर आम्ही बसलो तर तिची नजर माझ्या मोज्यांवर. बांधावरून पळाल्यानं कुसळं भरली होती, तुम्हाला माहीतच आहे या दिवसांत कशी भरतात. मी आपली शेपटाकडून ओढत होते, ती तुटत होती आणि टोक आतच राहत होतं. तिनं माझा हात बाजूला केला. “तसं नाय. मागं वढलं की त्ये धरून बसतंय. तोंडाकडनं काढायचं.” आणि मोज्याच्या आत बोट घालून, टोक चिमटीत धरून, एकेक कुसळ पुढच्या बाजूनं आरपार काढलं. त्याच्या टोकाला बारीक उलटे केस असतात, ते मागं येऊच देत नाहीत. पन्नास वर्षं या मातीत काढून मला हे माहीत नव्हतं.

मग कोपीकडून हाक आली. आई फडात निघाली होती, धाकट्याला सांभाळायला ही हवी होती. चपला हातातच घेऊन परत पळाली, तेवढ्याच वेगानं.

पुढं तीन दिवस ती माझ्याबरोबर मोरीपर्यंत आली. पाचव्या दिवशी रान मोकळं. चुलीचे तीन दगड आणि पाचट. टोळी दुसऱ्या फडावर गेली.

इथं मला थांबून एक कबूल करावं लागेल, कारण कुणीतरी कमेंटमध्ये लिहीलच. हो, मी मास्तरीण आहे. त्या पोरीला पळण्याच्या आनंदाआधी शाळा हवी होती हे मला कळतं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या आईशी बोलले. बाई वाईट नव्हती, दमलेली होती. म्हणाली, “गावाकडं म्हातारं कुणी ऱ्हायलं न्हाई, कुणापाशी ठेवू?” तिसऱ्या दिवशी जवळच्या शाळेत विचारून आले, ते घेतो म्हणाले, आणि पाचव्या दिवशी टोळी गेली. सहा महिने गाव सोडून राहायचं, दर आठ-पंधरा दिवसांनी फड बदलायचा, त्या लेकरानं कोणत्या वर्गात बसायचं? या प्रश्नावर मला वर्षभर झोप लागत नाही अशी खोटी बढाई मी मारणार नाही. पण त्या मोरीवरून जाताना रोज आठवतो. रोज.

आणि म्हणूनच ‘टॅलेंट आहे, अकॅडमीत घाला’ मला इतकं लागलं. तिच्या दिवसातलं सगळं कामाचं होतं. पाणी कामाचं, भाऊ कामाचा, सरपण कामाचं. ती पाच मिनिटं तेवढी कशाच्याच कामाची नव्हती. तीही लगेच कशाला तरी जुंपायची? कुणाला मेडल हवं म्हणून? तिचं ते हसणं ज्यांनी बघितलं नाही त्यांनी तिच्या वेगाबद्दल बोलू नये.

माझ्या मित्रमंडळींना हे समजावायची गरज नाही, तुम्ही सगळे कुठं ना कुठं असेच पळता, चालता, पोहता. तुमच्यातली एकजण दिवाळीत पुण्याहून आली आणि दोन दिवस माझ्याबरोबर घड्याळ घरी ठेवून पळाली. दुसऱ्या दिवशी पाणंदीत मधेच थांबून म्हणाली, “ऐक, आपल्याच पावलांचा आवाज येतोय.” पुण्यात तिला तो कधी आलाच नव्हता. तिथं फटाक्यांच्या धुरात तर श्वासच घेववत नव्हता म्हणे. आमच्याकडंही लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी बरी नव्हती हवा, उगीच गावाची तारीफ करत नाही.

ग्रुपवर मी अजून उत्तर दिलेलं नाही. चार वेळा लिहून पुसलं. हे इथंच राहू दे.

आज तो फोटो काढला त्याच्या जरा पुढं, त्याच रानात, कोप्या परत उभ्या राहिल्यात. मी पळायची थांबले आणि चालत गेले. चुलीपाशी बसलेल्या बाईला विचारलं, कुठली मंडळी? पाथर्डीची म्हणाली. म्हणजे ती नव्हेत. तरी मी मुलांच्या तोंडांकडं बघत राहिले. दोन बारकी पोरं पांघरुणातून डोकं काढून माझ्या बुटांकडं बघत होती. त्यांच्यातला एकजण काहीतरी विचारणार होता, पण लाजला.

मोरीवर येऊन बसले. मोजे भरले होते. आत बोट घातलं आणि तोंडाकडून एकेक काढायला लागले. चौदा निघाली.

उद्या साडेपाचला निघतेय.